मजल दरमजल : संभाजीनगर ते हैदराबाद

प्रवासाचे निम्मे सुख तो आखण्यातच असते, असे म्हणणारे गृहस्थ बहुधा एकट्याने प्रवास करणारे असावेत. एकत्र कुटुंबातील नऊ माणसांनी मोटारीने लांबच्या गावी जावयाचे ठरविले म्हणजे आखणीचे काम लग्नाच्या यादीहून कठीण होऊन बसते. लग्नात निदान मुहूर्त जोशीबुवा काढून देतात. येथे निघण्याची घटका, वाटेतला फराळ, खिडकीजवळची जागा, सर्वच गोष्टींवर घरातील प्रत्येकास मत असते आणि ते ऐकून घ्यावे लागते. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, हैदराबादेस जाण्याचा बेत आमच्या घरी गेले दोन महिने शिजत होता. तो आता कागदावर उतरला आहे. घरात वृद्ध माणसे असून लांबचा पल्ला गाठण्याचा ज्यांचा विचार असेल, अशा कुटुंबांस त्यातील काही गोष्टी उपयोगी पडतील असे वाटल्यावरून त्या येथे मांडीत आहो.

ही दोन शहरे आज दोन राज्यांत आहेत. तथापि त्यांचे नाते जुने आहे. मलिक अंबराने इ. स. १६१० च्या सुमारास खडकी येथे वसविलेले नगर पुढे औरंगजेबाच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि मोगलांच्या दख्खनच्या सुभ्याचे ठाणे बनले. १६८७ साली गोवळकोंडा पडला तो याच बादशहाच्या वेढ्याने. आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष निजामुल्मुल्क १७४८ साली बुऱ्हाणपुरास वारला. त्याची कबर आमच्या शहरापासून जवळच, खुलताबादेस आहे. त्याचा मुलगा निजामअली याने १७६३ साली राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस हलविली. तेव्हापासून १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन शतके, मराठवाड्यातील माणसाचे कागद, खटले आणि नोकऱ्या यांची अखेरची वाट हैदराबादेकडे जात असे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाल्यावर शिक्षणाचीही वाट तिकडेच वळली. १९३८ साली वंदेमातरम् म्हटल्यावरून विद्यार्थ्यांवर जो प्रसंग ओढवला, तो येथील इंटरमीजिएट कॉलेजात आणि तेथील उस्मानियात एकाच वेळी घडला, आणि दोन्हीकडची मुले शिक्षणासाठी नागपुरास गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा त्या वेळच्या मुंबई राज्यात आला आणि ही वाट हळूहळू ओसरली. आज आमच्या मुलांस मुंबई-पुण्याचा रस्ता डोळे मिटून सांगता येतो. हैदराबादचा विचारला तर ती नकाशा उघडतात.

आमच्या थोरल्या काकूंचे माहेर हैदराबादेतील. वय पंच्याऐंशी उलटलेले. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी विवेकवर्धिनी काढली, त्या पिढीने हैदराबादेत मराठी अक्षर टिकविले म्हणून आपणांस मराठी शाळा लाभली, असे त्या अभिमानाने सांगतात. १९५९ साली लग्न होऊन त्या काचीगुड्याच्या स्थानकावरून मीटरगेजच्या गाडीने या घरी आल्या. त्यांच्या पाठच्या चार भावंडांपैकी आता एक धाकटी बहीण तेवढी उरली आहे. ती काचीगुड्यासच राहते आणि गेल्या वर्षापासून तिने अंथरूण धरले आहे. तिचे येणे होणार नाही हे उघड आहे. काकूंनी यंदा गणपतीचे विसर्जन झाल्यावर, ताटे पुसता पुसता, "मला एकदा तिच्याकडे नेऊन आणा," एवढेच म्हटले. पुढे मागे कधीतरी असे म्हणून टाळण्यासारखी ही गोष्ट नव्हती, हे सर्वांच्या ध्यानात आले.

आगगाडी सोयीची खरी; रात्री बसावे आणि सकाळी उतरावे. परंतु काकूंचे गुडघे डब्याच्या उंच पायऱ्या चढू देत नाहीत, आणि रात्री हलत्या डब्यात तोल सावरीत मोरीपर्यंत जाण्याची त्यांना धास्ती वाटते. कोणी विमानाची गोष्ट काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे योगेश्वरीच्या डोक्यावरून उडत जायचं का?" अंबाजोगाईची योगेश्वरी ही आमची कुलस्वामिनी. तिची ओटी भरून मग बहिणीकडे जावे, अशी त्यांची इच्छा. यास्तव मोटारीनेच जावयाचे हे ठरले. मात्र कोणत्या रस्त्याने, आणि किती दिवसांत, हा वाद तेथूनच सुरू झाला.

रस्ते मुख्यतः तीन. पहिला जालना, परभणी, नांदेडवरून निजामाबादकडे जाणारा. वाटेत नांदेडास सचखंड हुजूरसाहिब आहे, जेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. हा रस्ता अंतराने फारसा अधिक नाही, परंतु अंबाजोगाई त्याच्या बाजूस राहते. दुसरा बीड, धाराशिव, तुळजापूरवरून सोलापुरास जाऊन तेथून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असा हैदराबादेस पोहोचणारा. धुळे-सोलापूर महामार्गास पूर्वी २११ क्रमांक होता, आता ५२ आहे. सोलापूर-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा. दोन्ही रुंद आणि बांधीव. अंतर सुमारे सवासहाशे किलोमीटर. तिसरा बीडपुढे मांजरसुंब्यास महामार्ग सोडून केज, अंबाजोगाई, लातूर, उदगीर, बिदर या मार्गाने जाणारा. अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर; पण रस्ता कोठे रुंद, कोठे अरुंद, आणि गावे पुष्कळ.

आमचे पुतणे चिरंजीव शेंद्र्याच्या कारखान्यात अभियंते आहेत. त्यांनी सोलापूरच्या रस्त्याचा कैवार घेतला. पहाटे पाचास निघावे, चारपदरी रस्त्याने न थांबता जावे, आणि संध्याकाळी सहापर्यंत काचीगुड्यास पोहोचावे, असा त्यांचा हिशेब. काकूंना जितका कमी वेळ गाडीत बसावे लागेल तितके बरे, हा त्यांचा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड होता. योगेश्वरीचे दर्शन परतीच्या वाटेवर घ्यावे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. घरातील तरुण मंडळी अर्थातच त्यांच्या बाजूची. दोन दिवसांची रजा वाचते, मुक्कामाचा खर्च वाचतो, आणि मुलांची कुरकूर एकाच दिवसात आटोपते.

हा बेत जवळजवळ कायम झाला होता. तो फिरला तो आमच्या सूनबाईंच्या एका प्रश्नाने. त्यांनी विचारले, "काकू वाटेत पाणी पितात का, हे कुणी पाहिलं आहे?" कोणीच पाहिले नव्हते, त्यांनी पाहिले होते. गेल्या वर्षी पुण्यास जाताना काकूंनी सकाळच्या चहानंतर संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी घेतले नव्हते. कारण विचारल्यावर प्रथम त्या हसल्या; मग म्हणाल्या, "रस्त्यात कुठं जायचं? त्यापेक्षा नकोच ते पाणी." आमच्या घरातील बायकांना हे उत्तर नवे नव्हते. आम्हां पुरुषांना ते इतकी वर्षे ठाऊक नव्हते. स्वच्छ आणि कडी असलेली मोरी कोठे मिळेल याची खात्री नसल्यामुळे या देशातील स्त्रिया प्रवासाच्या दिवशी तहान मारून बसतात, आणि ती गोष्ट आखणीच्या कागदावर कधीच येत नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या देहाने बारा तास पाण्यावाचून आणि हालचालीवाचून बसावे, यात केवढा धोका आहे हे डॉक्टरांनी स्पष्ट करून सांगितले : दीड-दोन तासांनी खाली उतरून दहा पावले चालावयाचे, आणि पाणी नियमाने प्यावयाचे, नाहीतर पायांतील रक्त साखळण्याचे भय. म्हणजे न थांबता जाण्याचा जो गुण म्हणून सांगितला जात होता, तोच या प्रवासात मोठा दोष ठरला.

दुसरी गोष्ट गाडी हाकणाऱ्याची. नऊ माणसांसाठी भाड्याची मोठी गाडी करावी लागणार, तेव्हा तिचा चालक हाही आमचा दहावा सहप्रवासीच. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने अशा माणसाच्या कामास दिवसाला आठ तासांची सामान्य मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कायद्याचा हा आकडा माणसाचे डोळे आणि कंबर पाहून घातलेला होता. तेरा तासांचा बेत आखून त्याला 'सावकाश चालव' असे बजावण्यात काय अर्थ? आमच्या चिरंजिवांनी हे ऐकून आपला तक्ता मुकाट्याने मिटला, आणि पुढली आखणी करण्यात सर्वांत अधिक खपले तेही तेच, हे येथे नमूद केले पाहिजे.

मग जुन्या लोकांची रीत आठवली. आपल्या भाषेत लांबच्या वाटेचे माप 'मजल' हे आहे. मूळ अरबी 'मंझिल' शब्दाचा अर्थ उतरण्याची जागा असा. आपण त्याचा अर्थ एका दिवसाची चाल असा केला. दोन्ही अर्थ एकत्र वाचले म्हणजे जुन्या प्रवासाचे सर्व शास्त्र त्यात सापडते : चाल किती, हे उतरण्याच्या जागेवरून ठरवावयाचे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी सुरतेहून गोवळकोंड्यास गेला, तो दौलताबाद आणि औरंगाबाद याच वाटेने. त्याने आपल्या ग्रंथात वाट लिहिली आहे ती मुक्कामाच्या गावांची नावे आणि त्यांमधील कोस अशी. तांड्यातील सर्वांत थकलेला बैल ज्या विहिरीपर्यंत पोहोचेल, तेथे त्या दिवसाची मजल संपे. पुढे मोटारी आल्या, बैल गेले, आणि मजल ठरविण्याचे काम आम्ही यंत्राकडे सोपविले. यंत्र थकत नाही, हे त्याचे दुर्दैव नव्हे, आमचे आहे.

तेव्हा सर्वांत अशक्त माणूस प्रथम, मग मुक्काम, मग रस्ता, या क्रमाने आम्ही पुन्हा विचार केला, आणि तिसरा मार्ग तीन मजलांत वाटून घेतला. पहिली मजल सुमारे सव्वादोनशे किलोमीटरची, दुसरी एकशे नव्वदची, तिसरी एकशे चाळीसची. दिवसागणिक थकवा वाढत जातो, म्हणून दिवसागणिक अंतर कमी केले. यात आणखी एक हेतू होता. बहिणीच्या दारात काकूंनी रात्रीच्या वेळी आंबलेल्या अंगाने उतरू नये; सकाळी स्नान करून, केस विंचरून, दुपारच्या जेवणापूर्वी पोहोचावे. ज्या भेटीसाठी एवढा खटाटोप, तिला ताजे डोळे पाहिजेत.

पहिली मजल अंबाजोगाईची. सकाळी साडेसहास निघून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर शहागडास गोदावरी ओलांडावयाची. येथे पहिला थांबा. पैठणच्या धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर नदीचे रूप अवलंबून असते. पाणी असो वा वाळू असो, काकू हात जोडल्यावाचून पूल ओलांडणार नाहीत. पुढे गेवराईवरून बीड. तेथे आमच्या मावसभावाचे घर महामार्गापासून फार दूर नाही; दुसरा थांबा तेथे. आपल्या कुटुंबांत दर पन्नास कोसांवर कोणी ना कोणी आप्त असतोच. पूर्वी त्यांच्याकडे उतरल्यावाचून पुढे जाणे अपमानाचे समजत. आता रुंद रस्ते त्यांच्या गावांना वळसा घालून जातात आणि आपणही जातो. एका स्वच्छ मोरीच्या निमित्ताने का होईना, दहा वर्षांत न झालेली भेट होणार आहे. बीडमध्ये पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ मुलांना दाखवावयाचे आहे. काकू तोवर भावजयीशी बोलत बसतील.

बीड सोडल्यावर गाडी बालाघाटाचा चढ चढून मांजरसुंब्यास येते. येथे धुळे-सोलापूरचा महामार्ग दक्षिणेकडे जातो आणि आमची वाट पूर्वेकडे फुटते. मांजरसुंब्याची रबडी प्रसिद्ध आहे; तिच्यासाठी मुलांनी आधीच ठराव पास करून घेतला आहे. जवळच कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधी आहे, पण ती या खेपेस लांबूनच. केजवरून दुपारी एकच्या सुमारास अंबाजोगाई. दुपारी काकूंनी निजावे, आणि उन्हे कलल्यावर देवीच्या दर्शनास जावे.

योगेश्वरीची कथा या प्रवासास मोठी साजेशी आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले. वऱ्हाड वाटेत रेंगाळले, मुहूर्त टळला, देवी कुमारीच राहिली आणि वऱ्हाड पाषाणाचे झाले, असे सांगतात. गावाजवळच्या हत्तीखान्याच्या लेण्यांतील दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, अशी लोकांची समजूत. ही कथा ऐकून आमच्या चिरंजिवांनी, "पाहा, उशीर केला की काय होतं!" असा टोमणा मारलाच. त्यावर काकू म्हणाल्या, "मुहूर्त आधी काढला आणि वाट मागून पाहिली, म्हणून चुकलं त्यांचं." यावर कोणास उत्तर सुचले नाही.

अंबाजोगाई ही मराठी भाषेचीही पंढरी होय. विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी येथील दरीत आहे. त्या ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११० सांगतात. दासोपंतांची समाधीही येथेच, आणि त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेली 'पासोडी' विख्यात आहे. शाई आणि बोरू यांची एवढी मोठी मजल दुसऱ्या कोणी मारलेली आम्हांस ठाऊक नाही. आणखी एका पुरुषाचे स्मरण येथे केले पाहिजे. स्वामी रामानंद तीर्थ हे याच गावी शाळेत अध्यापन करीत होते. १९३८ साली शाळा सोडून ते हैदराबाद संस्थानातील लढ्यात उतरले. १९७२ च्या जानेवारीत हैदराबादेस त्यांचे देहावसान झाले, आणि बेगमपेठेत त्यांचे स्मारक आहे. आमच्या पहिल्या मजलेचे गाव आणि अखेरचे शहर यांना जोडणारा तो थोर प्रवासी. तेथे जाऊन नमस्कार करण्याचे मुलांकडून कबूल करून घेतले आहे.

दुसरी मजल बिदरची. लातूर पहिल्या दीड तासात येते. या जिल्ह्याच्या गावास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे आमच्या लहान मुलांना ठाऊक नाही. पाण्याच्या बाटल्या अर्ध्या पिऊन फेकण्याची त्यांची सवय लातुरात तरी बंद राहील, अशी आशा आहे. तेथून उदगीर. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी याच परिसरात निजामाचा पराभव केला आणि तहात दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे आला. आमच्या घराच्या गच्चीवरून पश्चिमेस जो डोंगर दिसतो, त्याचे दैव येथे उदगिरास फिरले! त्याच भाऊसाहेबांवर पुढल्या वर्षी पानिपतचा प्रसंग आला. २०२२ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरलाच भरले होते. हे गाव, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पूर्वी बिदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी रेघ ओढली गेली. हे तालुके मराठवाड्याबरोबर आले आणि बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले.

उदगीरपुढे रस्त्यावरच्या पाट्या कानडीत दिसू लागतील, आणि तिसऱ्या दिवशी त्या तेलुगू होतील. काकूंच्या लहानपणी हा सारा मुलूख एका राज्याचा होता. तेव्हा शीव लागे ती इंग्रजी मुलखाची. तेथे करोडगिरीच्या नाक्यावर पेट्या उघडून दाखवाव्या लागत, आणि सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. आज तीन राज्यांतून जाताना कोणी पेटी उघडीत नाही. काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगमधून पथकर आपोआप वळता होतो. भाड्याच्या गाडीस मात्र अखिल भारतीय पर्यटक परवाना असावा लागतो. तो चालकापाशी आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही, हे निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून घ्यावे.

बिदर हे नाव आपल्या घरांत दामाजीपंतांच्या कथेने शिरले आहे. दुष्काळात मंगळवेढ्याचे धान्याचे कोठार लुटविणाऱ्या पंतांना बिदरास बोलावणे आले, आणि पंढरीचा राणा विठू महार होऊन त्यांच्या आधी बादशहाच्या दरबारी रक्कम भरून गेला, ही कथा काकू मुलांना सांगणार आहेत, आणि तीही बिदरच्या किल्ल्यासमोर बसून. बहामनी सुलतानांनी गुलबर्गा सोडून येथे राजधानी केली. वजीर महमूद गवानाने १४७२ साली बांधलेल्या मदरशाचा भव्य भाग अद्याप उभा आहे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्र धातूवर चांदीचे नक्षीकाम करून, किल्ल्यातल्या जुन्या मातीने काळा रंग आणण्याची बिदरी कारागिरी येथलीच. काकूंच्या माहेरच्या दिवाणखान्यात एक बिदरी सुरई होती, तिचे वर्णन आम्ही सर्वांनी इतक्यांदा ऐकले आहे की ती आम्हांसही पाहिल्यासारखी वाटते. झरणी नरसिंहाचे देऊळ मात्र काकूंसाठी नाही. तेथे भुयारातल्या खोल पाण्यातून चालत जावे लागते. मुक्कामाच्या ठिकाणी तळमजल्याची खोली आणि न्हाणीघरात धरावयास दांडी आहे काय, हे टेलिफोनवर विचारून घेतले आहे. 'सर्व सोयी आहेत' या उत्तरावर विसंबू नये. एकेक सोय नावाने विचारावी.

तिसरी मजल लहान. बिदर, जहिराबाद, संगारेड्डी आणि पाटणचेरूपाशी हैदराबादचा वर्तुळाकार महामार्ग. शहरात काचीगुड्यापर्यंत शिरावयाचे तर कचेऱ्यांची सकाळची गर्दी ओसरल्यावर, दहा ते बाराच्या दरम्यान. चारमिनार १५९१ चा आहे, सालारजंग संग्रहालय १९५१ चे. दोन्ही आमच्यासाठी चार दिवस थांबतील.

दिवस कोणता? पावसाळ्यात बालाघाटाचे रस्ते आणि ओढे यांचा भरवसा नाही. मार्गशीर्षात शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत योगेश्वरीचे नवरात्र असते. तेव्हा गर्दीत काकूंना उभे राहणे कठीण. म्हणून भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध पंचमीस निघावयाचे. मुलांच्या शाळांस सुट्टीही असते. मात्र याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे भांडीकुंडी, मुले, कोंबड्या, कुत्री यांसह ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून रात्रंदिवस रस्त्यावर असतात. त्यांच्याही घरी म्हातारी माणसे आहेत. ती बहुधा गावात नातवंडांना सांभाळीत मागे राहतात. त्यांच्या मजला दुसरा कोणी ठरवितो. ट्रॉल्यांच्या मागे दिवा असतोच असे नाही, यास्तव सूर्यास्तानंतर गाडी रस्त्यावर ठेवावयाची नाही, हा आमच्या कागदावरचा पहिला आणि न मोडण्याचा नियम आहे. तो आमच्या जिवासाठी आहे, तसाच त्यांच्याही.

सामानाविषयी दोन शब्द. दुधातल्या दशम्या पहिल्या दिवसासाठी, धपाटे दुसऱ्या दिवसासाठी. सोबत दही न घेता लसणाची चटणी आणि लोणचे. काकूंची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावी. एक पिशवी हरवली तर दुसरी हाताशी राहते. डॉक्टरांची चिठ्ठी, आधारपत्र, पायाखाली घ्यावयास लाकडी चौरंग (गाडीची पायरी उंच असते), मऊ उशी, आणि पाण्याचा एक लहान तांब्या, ज्यावर खुणेची रेघ आहे. प्रत्येक थांब्यास त्या रेघेपर्यंतचे पाणी काकूंनी प्यावयाचे, आणि ते प्यायल्या की नाही हे पाहण्याचे काम आमच्या नऊ वर्षांच्या नातीकडे दिले आहे. तिच्याइतकी कडक तपासणी घरात दुसऱ्या कोणाच्याने होणार नाही.

थांब्यांची यादी सूनबाईंनी स्वहस्ते केली आहे. तीन दिवसांत अकरा थांबे. प्रत्येकासमोर नातलगाचे घर, पेट्रोलपंप किंवा खाणावळ यांचे नाव, आणि तेथील मोरीस कडी, पाणी व दिवा आहे की नाही याची खूण. ज्या ठिकाणची माहिती मिळाली नाही तेथे त्यांनी स्वतः टेलिफोन केला; दोन ठिकाणचे मालक प्रथम चकित झाले, मग त्यांनी आपणहून दुरुस्तीचे कबूल केले. लांबच्या प्रवासाच्या आखणीत हा रकाना असल्यावाचून ती पुरी झाली असे समजू नये, असे आम्ही आमच्या वाचकांस आग्रहाने सांगू इच्छितो. हा रकाना भरण्याचे काम बायकांवरच सोडू नये, हेही.

कागद पुरा झाल्यावर चिरंजिवांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून काकूंना वाचून दाखविला. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला. मग तिसऱ्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी काचीगुड्यास टेलिफोन लावण्यास सांगितले. पलीकडून आवाज क्षीण येत होता, म्हणून त्या नेहमीपेक्षा मोठ्याने बोलल्या : "पंचमीला निघते. सप्तमीला जेवायला तुझ्याकडे. चिंचगुळाची आमटी करायला सांग, आणि दुसरं काही करू नका." काकूंचा जुन्या रेशमी साडीचा घडा त्याच संध्याकाळी पेटीतून बाहेर आला, ओटीचे खण आणि नारळ उद्या आणावयाचे आहेत.